झायवू भारी, पण जीव मंगोलियात

काल मध्यरात्रीनंतर काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या ऑस्टिन मेजरची (जून २०२५मधल्या मोठ्या स्पर्धेची) फायनल बघितली, आज ऑफिसात नुसत्या डुलक्या. जो तो सांगत होता, झायवूवर लक्ष ठेवा. ठेवलं बाबांनो! हा फ्रेंच पोरगा स्नायपर घेऊन कोपरा धरतो, समोरच्याचं डोकं दिसायचा अवकाश, गेलाच. त्याच्या व्हिटॅलिटी संघाने २-१ ने मारली, एमव्हीपी म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. (रॉप्झसारखा गडी सोबत असल्यावर अजून काय पाहिजे!)

पण माझा सगळा जीव समोरच्या द मंगोल्झ या मंगोलियाच्या संघात. अख्ख्या मंगोलियाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, आपल्या पुण्याहूनही कमी, आणि पोरं थेट मेजरच्या फायनलला! त्यांनी तीनपैकी एक मॅप (म्हणजे एक डाव) काढला तेव्हा मी असा ओरडलो की आई उठून आली. ब्लिट्झ कॅप्टन म्हणून आवडतोच, पण पुढच्या मेजरला माझी नजर त्याच्याच संघातल्या सेन्झूवर.