खुलताबादच्या कबरी, काळ्या-पांढऱ्यात

वेरूळ झालं, दौलताबाद झालं. दोन्हीकडे रविवारची गर्दी होती, त्यावर आणखी काही लिहावंसं वाटत नाही. खुलताबादवर मात्र लिहायलाच हवं.

औरंगजेबाच्या उघड्या कबरीपाशी माणसं येतात, दोन मिनिटं थांबतात आणि गाडीत बसून निघून जातात. त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी वसवली, आजचं संभाजीनगर, आणि त्या शहराला नहरीचं पाणी दिलं. १६२६ मध्ये तो वारला. मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणाऱ्या माणसाच्या दारात एवढा शुकशुकाट बघून मला खरंच वाईट वाटलं.

कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल होता. कबरस्तानात मी रंगीत फोटो काढत नाही. रंगीत फोटोत हिरवी चादर, निळं प्लास्टिक, कुणीतरी टाकलेली बाटली हेच आधी डोळ्यांत भरतं. रंग गेला की दगड दिसतो, चुना दिसतो, भिंतीवरून उतरलेले पावसाचे काळे ओघळ दिसतात. नारंगी फिल्टर लावला की निळं आभाळ गडद होतं आणि घुमट पुढे येतो.

पण भरदुपार होती. डोक्यावरच्या उन्हात कबरी नुसत्या पांढऱ्या फळ्यांसारख्या दिसत होत्या. जवळच्या कबरस्तानात एक चाचा खराट्याने पालापाचोळा लोटत होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"कामून काढायलाव फोटो?"

"दगडावरचं काम आवडतं, चाचा."

"मग आत्ता काय दिसंल? असरच्या नमाजीनंतर या."

मी कुठेच गेलो नाही, लिंबाखाली बसून राहिलो. ऊन कललं तसे चाचा स्वतःच जवळ आले आणि मला दोन जुन्या कबरींपाशी घेऊन गेले. एकीच्या माथ्यावर लांबट उंचवटा होता, कलमदानासारखा. ती पुरुषाची. दुसरी वरून सपाट, पाटीसारखी. ती बाईची. दुपारी मी याच दोघींसमोरून गेलो होतो आणि तेव्हा त्यात काही फरक जाणवला नव्हता. आता तिरप्या उन्हात त्या उंचवट्याच्या एका अंगाला लख्ख उजेड आणि दुसऱ्या अंगाला काळीभोर सावली होती. मी गुडघे टेकून फोटो घेतला.

पलीकडे ताजी माती होती, वर सुकलेली फुलं. तिकडे वळलो तेव्हा चाचा म्हणाले, "त्याचा नका काढू. घरचे रोज येतेत." मी कॅमेऱ्याला झाकण लावलं. हा नियम प्रत्येक फोटोग्राफरने पाळायला हवा, कुणी सांगायची वाट न बघता.

राग आला तो मकबऱ्याच्या भिंती बघून. खिळ्याने कोरलेली नावं, बदाम, बाण. प्रत्यक्षात गिलाव्याच्या डागांत ती थोडी लपतात, पण रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक ओरखडा पांढराफटक उठून दिसत होता. मित्र म्हणाले, तेवढा भाग काप. मी कापला नाही. मलिक अंबरच्या मकबऱ्याची आज जी अवस्था आहे, ती फोटोत आहे तशीच दिसली पाहिजे. तिथे पूर्णवेळ राखणदार नेमला जावा, ही माझी मागणी आहे.