कक्षांचा आलेख : नुसतं मोजून भागत नाही

पृथ्वीभोवती कोणत्या उंचीवर किती उपग्रह आणि तुकडे फिरतात, त्या आलेखाचं काम बरंच पुढे सरकलंय. टीएलईची (प्रत्येक वस्तूची कक्षा दोन ओळींत सांगणारी नोंद) अख्खी यादी वाचून प्रत्येक वस्तू आता उंचीच्या १० किलोमीटरच्या पट्ट्यांत पडते. दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडे मीन मोशन असतं, म्हणजे दिवसाला पृथ्वीभोवतीच्या फेऱ्या. एन्व्हिसॅट या बंद पडलेल्या युरोपीय उपग्रहाच्या (यादीत क्रमांक २७३८६) साधारण १४.३८. केप्लरच्या तिसऱ्या नियमात घातलं की उंची येते सुमारे ७६५ किमी. जुन्या स्टारलिंकच्या १५.०६, म्हणजे ५५० च्या आसपास.

अपेक्षेप्रमाणे दोन उंचवटे दिसतात. ५५० किमीपाशी सुळका आणि ७५० ते ९०० मध्ये बुटका, पसरट ढिगारा. सुळक्यातले बहुतेक उपग्रह जिवंत आहेत, बाजूला सरकू शकतात आणि मेलेच तर हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतात. ढिगाऱ्यात मात्र २००७ साली चीनने फोडलेल्या स्वतःच्याच फेंगयुन-१सी उपग्रहाचे आणि २००९ च्या इरिडियम-कॉसमॉस या दोन उपग्रहांच्या टकरीचे तुकडे. त्यातले बरेच अजून अनेक दशकं तिथेच राहतील.

म्हणून ‘जवळच्या कक्षेत किती उपग्रह मावतील’ याला एकच आकडा देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एका पट्ट्यात वस्तू दुप्पट झाल्या की टकरीची शक्यता चौपट होते, हे खरं. पण त्यातल्या किती जणांना चुकवता येतं आणि बाकीच्या किती वर्षं तिथे राहणार, हे धरल्याशिवाय त्या चौपटीला अर्थ नाही. एन्व्हिसॅट ८ टनांचा आहे, २०१२ पासून मुका आहे. त्याला एक म्हणून मोजायचं?

मी मोजणं सोडून वस्तुमान गुणिले उरलेलं आयुष्य असा भार लावला. सुळका पार बसला, आणि ८४० किमीपाशी भलताच काटा वर आला! हे झेनिट रॉकेटचे रिकामे टप्पे, एकेक ८-९ टनांचा, कक्षेचा विषुववृत्ताशी कल ७१ अंशांचा. यादीत ते ‘एसएल-१६ आर/बी’ नावाने सापडतील. संख्येच्या आलेखात ते दिसतसुद्धा नव्हते.

१० सेंटिमीटरहून बारीक बहुतेक तुकडे यादीतच नसतात, त्यामुळे त्यांचं इथे काही करता येत नाही. सध्या आयुष्याचा अंदाज स्थिर हवा धरून काढतोय. सौरडाग वाढले की वातावरण फुगतं आणि खालचे पट्टे लवकर रिकामे होतात. आता एफ१०.७ ची (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं माप, त्यावरून सूर्य किती सक्रिय ते कळतं) मासिक सरासरी जोडायची आहे. कुणाकडे नीट साफ केलेली फाइल असेल तर कळवा.