वर्धा रोडवरच्या क्लबची वेबसाइट करताना

नाइटक्लबची वेबसाइट म्हटलं की मालकाला आधी व्हिडिओ दिसतो. स्क्रीनभर लखलखते लाइट, नाचणारी गर्दी, मागे दणदणता बेस. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका क्लबच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तिथल्या मालकांनीही हेच मागितलं. मी म्हटलं, "भाऊ, आधी मला शनिवारी संध्याकाळी तुमच्या रिसेप्शनवर बसू द्या. लोक फोनवर काय विचारतात ते ऐकतो, मग डिझाइनचं बोलू."

त्या संध्याकाळी फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. "आज चालू आहे ना?" "आम्ही सगळी मुलंच आहोत, स्टॅग एन्ट्री मिळेल का?" "एन्ट्रीचा कव्हर चार्ज किती? खाण्यापिण्यात वळता होतो का?" "सँडल चालतील का, की शूजच पाहिजेत?" वर्ध्याहून निघालेल्या एकाला गाडी कुठे लावायची ते हवं होतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडची मंडळी शनिवारी नागपूर गाठतात हे रिसेप्शनवरच्या ताईंना पाठ होतं. मग एका मुलीचा फोन आला. रात्री निघताना कॅब गेटसमोर येते का, की बाहेर रोडवर उभं राहावं लागतं, एवढंच तिला विचारायचं होतं. ताईंनी तिला शांतपणे सगळं समजावलं. क्लबच्या वेबसाइटने नेमकं हेच काम केलं पाहिजे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

साइट उघडणारा माणूस बहुतेक वेळा घरी निवांत बसलेला नसतो. धरमपेठेत किंवा फुटाळा तलावावर मित्रांसोबत उभा असतो, हातात मोबाइल असतो आणि "कुठं जायचं?" यावर वाद चाललेला असतो. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर आजचा डीजे, वेळ, कपल आणि स्टॅगचा कव्हर, आणि खाली फोन, व्हॉट्सॲप व नकाशा ही तीन बटणं ठेवली. ड्रेस कोड आणि पार्किंग त्याच्या लगेच खाली. कॅब कुठे थांबते ते गेटच्या फोटोवर खूण करून दाखवलं. मेन्यूची पीडीएफ काढून टाकली. बोटांनी झूम करत पनीर टिक्क्याचा भाव शोधायला कोणाला वेळ असतो?

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मध्यरात्रीने. क्लब रात्री दीडला बंद होतो. शनिवारचा कार्यक्रम ऐन रंगात असताना बाराच्या ठोक्याला साइटवर रविवार लागायचा आणि "आज"मध्ये दुसराच डीजे दिसायचा. शेवटी साइटचा दिवस सकाळी सहाला बदलेल अशी सोय केली. पाहुण्याच्या लेखी शनिवारची रात्र घरी पोचेपर्यंत शनिवारचीच असते.

व्हिडिओवर मात्र मालकांशी बराच खल झाला. ब्राउझर आवाजासकट व्हिडिओ आपोआप सहसा चालू देत नाही, म्हणजे ज्या बेससाठी हट्ट होता तो ऐकूच येणार नव्हता. त्यात लाइटची उघडझाप. वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, नीट वापरता यावी म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांनुसार पानावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये, कारण काही लोकांना त्याने फिट येऊ शकते. हे ऐकल्यावर मालक लगेच राजी झाले. त्या जागी डान्स फ्लोअरचा एकच हलका फोटो आला, पान झटकन उघडू लागलं. गर्दीच्या फोटोंमध्ये ज्यांचे चेहरे ओळखू येत होते, त्यांची परवानगी घेतली. ज्यांची मिळाली नाही ते फोटो काढून टाकले. घरी न सांगता आलेली पोरगी आपल्या होमपेजवर झळकता कामा नये, याबाबत मी ठाम होतो.

"एकावर एक फ्री"चा बॅनर आणि बाटल्यांचे फोटो वकिलांनी थांबवले. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. वयाची अट मात्र ठळक लिहिली: राज्यात बिअर आणि वाइनसाठी २१, बाकी मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत, आणि ओळखपत्र सोबत पाहिजे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे कॅलेंडरमध्ये आधीच भरले. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही बंदीचे असतात, पण त्यांच्या तारखा निवडणूक जाहीर झाल्यावरच कळतात, म्हणून ते हाताने टाकायची सोय ठेवली.

पान कशाचं आहे ते गूगलसारख्या सर्चला कळावं म्हणून पानामागच्या कोडमध्ये स्कीमा डॉट ऑर्गच्या यादीतला नाइटक्लब हा प्रकार आणि प्रत्येक कार्यक्रमाची वेळ नोंदवली. गूगलवरची वेळ, पत्ता, फोनही साइटशी जुळवून घेतले.

रोजचं अपडेट फ्लोअर मॅनेजरकडे आहे. त्याला मोबाइलवरून डीजेचं नाव, वेळ, कव्हर आणि पोस्टर एवढंच भरावं लागतं. तारीख उलटली की पोस्टर आपोआप उतरतं. सध्या ३१ डिसेंबरचं पान करतोय. त्या पानाच्या वेब पत्त्यात साल टाकलेलं नाही. दरवर्षी तोच पत्ता राहील, म्हणजे जुन्या लिंक आणि सर्चमधली जागा फुकट जाणार नाही. बुकिंगचे पैसे परत कधी मिळतील आणि कधी नाही, हे यूपीआयच्या बटणाच्या वरच लिहायचं ठरलंय. मजकूर मालकांकडून यायचा आहे.