बिलॉक्सीला जावे ते कोळंबीच्या हंगामात

नोकरीनिमित्त न्यू ऑर्लीन्सला राहू लागल्यापासून वर्षातून दोन-तीन वेळा तरी मी मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरील बिलॉक्सीला जातो. मोटारीने दीड तास लागतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून न्यू ऑर्लीन्स ते अलाबामा राज्यातील मोबील ही रेल्वे पुन्हा धावू लागल्यामुळे आता गाडी न चालवताही तेथे पोहोचता येते. इकडची मराठी मंडळी बिलॉक्सीचे नाव काढतात ते कॅसिनोसाठी. माझे आजोळ हर्णैचे असल्यामुळे असेल, पण मला हे गाव पहिल्या भेटीपासून कोळ्यांचे गाव म्हणूनच दिसले, आणि तेथे काय खावे, कधी जावे हे मी आजही मासेमारीच्या हंगामावरूनच ठरवतो.

कॅसिनोंचा इतिहासही पाण्याशीच बांधलेला आहे. १९९० मध्ये राज्याने जुगाराला परवानगी दिली, मात्र किनाऱ्यावरील कॅसिनो पाण्यावर तरंगता असला पाहिजे अशी अट घातली, आणि १ ऑगस्ट १९९२ रोजी बिलॉक्सीत पहिला कॅसिनो उघडला. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही अट नवी वाटणार नाही. बिलॉक्सीतील ‘बोटी’ मात्र धक्क्याला बांधलेले अवाढव्य तराफे होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळात समुद्र गावात शिरला तेव्हा त्यांतील काही तराफे उचलले जाऊन हमरस्त्यापलीकडे येऊन पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच कायदा बदलला आणि किनाऱ्यापासून ८०० फुटांच्या आत जमिनीवर कॅसिनो बांधण्यास मुभा मिळाली. बो रिव्हाज हा सर्वांत मोठा कॅसिनो वादळाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी पुन्हा उघडला.

जेवणाबद्दल लिहायचे तर आरंभ पो-बॉयपासून करावा लागेल. लांब फ्रेंच पाव मधोमध चिरून त्यात तळलेली कोळंबी किंवा कालवं, लेट्यूस, टोमॅटो आणि मेयोनेझ भरतात. हा प्रकार न्यू ऑर्लीन्सचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण बिलॉक्सीत तो भरलेला पाव वर गरम तव्याचा दाब देऊन शेकतात. त्यामुळे पावाचा पापुद्रा कुरकुरीत होतो, आतले सारण एकजीव होते, आणि हा फरक इतका मोठा आहे की न्यू ऑर्लीन्सला परतल्यावर तेथील पो-बॉय मला काही दिवस अपुरा वाटतो. ओक स्ट्रीटवरील ले बेकरी ही व्हिएतनामी कुटुंबाची बेकरी आहे. तेथे असाच लांब पाव ‘बान्ह मी’ या भरलेल्या व्हिएतनामी पावाच्या रूपात मिळतो, आणि फ्रेंचांनी व्हिएतनामला दिलेला पाव, फ्रेंचांनीच १६९९ मध्ये वसवलेल्या या किनाऱ्यावर, व्हिएतनामी हातांनी भाजलेला खाताना मला दर वेळी नवल वाटते.

गंबो हा दुसरा पदार्थ. पीठ तेलात तांबूस होईपर्यंत परतून त्यावर केलेला हा दाट रस्सा असतो, त्यात कोळंबी, खेकडे आणि पुष्कळदा भेंडी घालतात. गंबो हा शब्दच मुळी आफ्रिकेतील भेंडीच्या नावावरून आलेला आहे. मेरी महोनीज या १९६४ पासून चालणाऱ्या उपाहारगृहात तो जरूर चाखावा. त्याची वास्तू १७३७ ची आहे आणि अंगणात एक अतिप्राचीन ओक वृक्ष उभा आहे. आपल्याकडील बोय माशाला येथे मुलेट म्हणतात, आणि गरिबीच्या काळात त्याने गावाला जगवले म्हणून गावकरी त्याला प्रेमाने ‘बिलॉक्सी बेकन’ म्हणतात. खाडीकाठच्या घरांत बोयीचे जे स्थान असते ते ठाऊक असलेल्याला हे नाव लगेच पटेल.

या किनाऱ्यावर कालवं सोलायला आणि कोळंबी पकडायला पूर्वी क्रोएशियातून, लुइझियानाच्या फ्रेंच वस्त्यांतून आणि १९७५ नंतर व्हिएतनाममधून माणसे आली. क्रोएशियन घरांतील पुशराता नावाचे फळे-सुकामेवा घातलेले तळलेले गोड गोळे नाताळच्या सुमारास मिळाले तर चुकवू नयेत.

माझ्या मते बिलॉक्सीचा खरा सण म्हणजे १९२९ पासून चालत आलेला नौकांच्या आशीर्वादाचा सोहळा. मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी, कोळंबीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, सजवलेल्या नौका एकामागून एक पाण्यात नांगरलेल्या नौकेसमोरून जातात आणि तीवर उभे असलेले धर्मगुरू प्रत्येकीवर तीर्थ शिंपडतात. समुद्रात गेलेल्या कोळ्यांच्या स्मरणार्थ पाण्यात पुष्पचक्र सोडले जाते. मी हा सोहळा प्रथम पाहिला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या व्हिएतनामी आजीबाई नौका जवळ येताच हात जोडून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मला नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ वाहताना उभी असलेली माझी आजी आठवली. दोन्हीकडे मागणे एकच असते: गेलेला माणूस परत येऊ दे.

मार्डी ग्रास, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाआधीचा कार्निव्हल, म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर न्यू ऑर्लीन्स येते, पण बिलॉक्सीची मिरवणूकही १९०८ पासूनची आहे. तेथील राजाला गावाच्या फ्रेंच संस्थापकावरून ‘किंग डिबरव्हिल’ म्हणतात आणि राणीला ‘क्वीन इक्सोलिब’, म्हणजे बिलॉक्सी हे नाव इंग्रजी लिपीत उलटे वाचले की होणारा शब्द. मुलांना घेऊन जायचे असेल तर मी हीच मिरवणूक सुचवेन, कारण तेथे गर्दी आवाक्यातली असते. सप्टेंबरमध्ये मत्स्यमहोत्सव भरतो, तर ऑक्टोबरमध्ये १९९६ पासून ‘क्रूझिन द कोस्ट’साठी हजारो जुन्या मोटारी समुद्रालगतच्या नव्वद क्रमांकाच्या महामार्गावर येतात.

रात्रीबद्दल थोडेच सांगतो. कॅसिनो चोवीस तास उघडे असतात, खेळाच्या दालनात २१ वर्षांखालील कोणाला प्रवेश नसतो, आणि पुष्कळ दालनांत सिगारेटचा धूर असतो, तो मला सोसत नाही. बो रिव्हाज आणि हार्ड रॉक या दोन्ही कॅसिनोंत संगीताचे चांगले कार्यक्रम होतात, त्यांचे तिकीट काढून संध्याकाळ घालवणे मला यंत्रांपुढे बसण्यापेक्षा कितीतरी अधिक समाधानाचे वाटते. कार्यक्रमानंतर मी १८४८ च्या ओतीव लोखंडी दीपस्तंभापर्यंत वाळूवरून चालत जातो. आज जेथे सर्व वर्णांची कुटुंबे रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसतात, त्याच किनाऱ्यावर १९६० च्या दशकातही कृष्णवर्णीयांना पाय ठेवण्यास मज्जाव होता. बिलॉक्सीतील कृष्णवर्णीय डॉक्टर गिल्बर्ट मेसन यांनी १९५९ पासून लोकांना सोबत घेऊन पाण्यात उतरण्याचे सत्याग्रह केले, २४ एप्रिल १९६० रोजी त्यांच्यावर जमावाने हल्ला केला, आणि किनारा सर्वांसाठी खुला होण्यास १९६८ साल उजाडावे लागले. तेथे आलेल्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्यापूर्वी मी बंदरावर जातो. हंगाम असेल तर नौकेवरूनच कोळंबी विकत मिळते, म्हणून बर्फाची पेटी गाडीत ठेवूनच घरून निघावे.