बिल्डिंगचं वय काय?

इस्तंबूलमध्ये भाड्याने घर शोधायला लागलं की जाहिरातीत बेडरूम किती, हीटिंग कुठलं याच्यासोबत एक रकाना हमखास असतो, बिल्डिंगचं वय. आपल्याकडे लोक पाणी किती तास येतं, स्टेशन किती लांब हे विचारतात, इथे आधी विचारतात बिल्डिंग ९९ च्या आधीची का नंतरची. १७ ऑगस्ट १९९९ ला पहाटे ३ वाजून २ मिनिटांनी इझमितजवळ भूकंप झाला, सरकारी आकड्याप्रमाणेच सतरा हजारांवर माणसं गेली, आणि इस्तंबूलचा आवजिलार भाग तिथून एवढा लांब असूनही तिथल्याही बिल्डिंगी पडल्या. फॉल्ट लाइन, म्हणजे जमिनीखालची भूकंपाची भेग, मार्मारा समुद्रातून शहराच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे पुढचा मोठा भूकंप येणार का असं इथे कोणी विचारत नाही, कधी एवढंच विचारतात.

जुन्या बिल्डिंगमध्ये एवढं वाईट काय, तर काँक्रीट साइटवरच हाताने कालवलेलं, वाळू बऱ्याचदा समुद्राची, न धुता वापरलेली, त्यामुळे पिलर फोडला की आतून शिंपले निघतात (खरंच निघतात, मी काही वाढवून सांगत नाहीये), सळ्या गुळगुळीत, पीळ नसलेल्या आणि खारेपणाने गंजलेल्या. त्यात तळमजल्यावर दुकानं, म्हणजे वर सगळीकडे भिंती आणि खाली नुसते पिलर आणि काचा, हादरा बसला की आधी खालचा मजला जातो. एखाद्या दुकानदाराने जागा मोकळी करायला पिलरच छाटलेला असतो ते वेगळंच! हे सगळं माहीत असूनही २०१८ ला निवडणुकीच्या तोंडावर सरकारने बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून दिली. आपल्याला यात नवीन काही नाही म्हणा.

कायदा तसा कडक आहे. २०१२ चा ६३०६ नंबरचा. एकट्या फ्लॅटमालकानेही अर्ज केला तरी बिल्डिंगची तपासणी होते, पिलरमधून काँक्रीटचे नमुने काढतात, रिपोर्ट धोकादायक आला की पाडायचीच. नवीन काय बांधायचं यासाठी आधी दोन तृतीयांश मालकांची संमती लागायची, २०२३ च्या दक्षिण तुर्कीतल्या भूकंपात पन्नास हजारांवर माणसं गेल्यावर ती निम्म्याहून जास्त एवढ्यावर आणली. आपल्याकडे सोसायट्यांना ५१ टक्के केलं तसंच, फक्त इथे जो अडून बसेल त्याचा हिस्सा लिलावात काढता येतो, ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकांना हे सांगितलं तर झोप उडेल त्यांची.

पण खरी गोम पुढेच आहे. बिल्डर जुन्या मालकांना फुकट फ्लॅट देतो आणि वरचे जास्तीचे फ्लॅट विकून पैसे काढतो, म्हणजे जिथे जमीन महाग तिथेच हे गणित बसतं. बाग्दात रस्त्याच्या आसपास बघा, चार-पाच मजली बिल्डिंगी पाडून दहा-बारा मजली उभ्या राहिल्या, वर जिम, खाली पार्किंग. आणि बाजिलार, एसेनलेरसारख्या भागात घराला घर चिकटलेलं, मजले आधीच परवानगीपेक्षा जास्त, तिथे आणखी काय वाढवणार? बिल्डर फिरकतच नाही, फिरकला तर वरचे पैसे मागतो आणि लोकांकडे ते नसतात. सरकारने 'अर्धे आमचे' म्हणून योजना काढली, सुरुवातीला ७ लाख लिरा अनुदान आणि ७ लाख कर्ज, पण इथली महागाई बघता बांधकामाचा खर्च त्याच्या पुढेच पळत असतो. म्हणजे भूकंपाच्या नावाने जे होतं ते भूकंपाच्या नकाशावर नाही, जमिनीच्या रेटवर होतं. (आणि जिथे भरमसाट एफएसआय, म्हणजे जास्त बांधायची परवानगी, दिला तिथेही सुख नाही, इस्तंबूलच्याच फिकिरतेपे वस्तीत घरं पाडली, खड्डे खणले आणि बिल्डर बुडाले, लोक वर्षानुवर्षं बाहेर भाड्याने राहत होते.)

भाडेकरूंना तर कोणी विचारतच नाही. मालकाला दीड वर्षं भाड्याची मदत मिळते, भाडेकरूला एकदाच थोडे पैसे देऊन टाटा. आमची बिल्डिंग ८० च्या दशकातली. २३ एप्रिल २०२५ ला ६.२ चा धक्का बसला तेव्हा सगळे खाली रस्त्यावर, पुढच्याच आठवड्यात मालकांची मीटिंग, आम्हाला अर्थातच बोलावणं नाही. मालकीणबाईंनी नंतर सांगितलं की तपासणीचाच अर्ज करायला कोणी तयार नाही, कारण रिपोर्ट वाईट आला तर पाडावी लागेल, आणि तळमजल्याच्या दुकानदाराला तेवढंच दुकान परत हवंय, तिसऱ्या मजल्यावाल्यांना आताच्या एवढा फ्लॅट. बाई स्वतः सत्तरीच्या, त्या म्हणतात मी आता कुठे सामान हलवू. आम्ही नवीन बिल्डिंगमध्ये घरं बघतोय, भाडी जवळजवळ दुप्पट आहेत, नवरा म्हणतो बॉस्फरसच्या पुलाच्या पलीकडे बघू, तिकडे स्वस्त आहे, पण तिकडे जे स्वस्त आहे ते सगळं ९९ च्या आधीचंच.