पडद्यापाशी थांबलेला रंग

मे महिन्यात जळगावला प्रयोगशाळेतला एसी आम्ही मुद्दाम बंद ठेवतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की रंग भरायच्या सुईचं टोक थरथरतं. टोक 1 मायक्रॉनहून बारीक, आणि ते शिरवायचं 10-15 मायक्रॉनच्या बुरशीच्या तंतूत. कंपनरोधक टेबलाचा प्रस्ताव कचेरीत धूळ खातोय. तोवर स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर कडप्प्याची फरशी. चोख काम करते, कोणी हसो.

बुरशी न्यूरोस्पोरा, जळालेल्या गवता-उसावर येते ती नारिंगी. हिच्यात दाबाने द्रव ढकलता येत नाही. तंतूच्या आतच हवेच्या चार-पाच पट दाब, टोचलं की रस उलटा सुईत चढतो. म्हणून ल्युसिफर यलो हा ऋणभारित रंग विजेच्या अगदी क्षीण प्रवाहाने आत लोटायचा. सुईत मागून लिथियम क्लोराइडच भरायचं. पोटॅशियमचं भरलं तर रंगाचा साका बसून टोक बुजतं. सहा सुया वाया घालवल्यावर हे कळलं.

त्या दिवशी सकाळी एमएस्सीच्या एकाने बुरशीच्या प्लेटवर साधं डिस्टिल्ड पाणी ओतलं. पाणी आत घुसून तंतूंची वाढती टोकं पटापट फुटली. परासरणाची व्याख्या त्याला तोंडपाठ. मार्क आपण तेवढ्याचेच देतो.

दुपारी दुसरी प्लेट घेतली. वाढीच्या माध्यमाचंच पाणी घालून तासभर सावरू दिली. चौथ्या खेपेला सुई शिरली. तंतू पोपटी उजळला, रंग रसाबरोबर टोकाकडे निघाला आणि तंतूचे कप्पे पाडणाऱ्या आडव्या पडद्यापाशी रेघ मारल्यासारखा थांबला. पलीकडे अंधार. पलीकडचं टोक क्षणभर थबकलं, मग पुन्हा वाढायला लागलं.

"ताई, काय व्हयनं?" नाना दारातून.

"बुरशीने आम्हाला बाहेर काढलं, नाना."

सरांना फोटो फार आवडला. रंग शेजारच्या कप्प्यात जात नाही, असं लिहून टाका म्हणाले. पण त्या पडद्याच्या भोकातून अख्खी केंद्रकं सुरळीत जातात, मग रंगाचा रेणू कसा अडेल? जखम झाली की वोरोनिन काया, म्हणजे पडद्याजवळचे बारीक घट्ट कण, काही सेकंदांत भोकाला बूच मारतात. रशियन शास्त्रज्ञ वोरोनिनने त्या 1864 मध्येच पाहिल्या होत्या. म्हणजे मी निरोगी तंतू पाहिला, की माझ्याच सुईचा घाव?

पहिले काही सेकंद मी सुई सांभाळत होते, भोकाकडे लक्षच नव्हतं. फोटोखालची ओळ अजून कोरी आहे. सरांचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत.