तुम्ही विचारलेत म्हणून: एकशे साठ तास आणि एक टॉवेल
“नर्सिंग असिस्टंट आणि प्रॅक्टिकल नर्स, दोघीही रुग्णाच्या उशाशीच उभ्या असतात, मग दुसरीच्या शिक्षणासाठी एवढा काळ कशाला घालवायचा?” हा प्रश्न नव्याने कामाला लागलेल्या मुलींपासून रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत सगळे मला विचारतात. मी दोन्ही कामे केली आहेत, आधी रुग्णांची रोजची देखभाल करणारी असिस्टंट म्हणून आणि नंतर औषधे देणारी परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स म्हणून, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहिते.

तासांचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेत १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधील (म्हणजे वृद्ध व आजारी माणसांची दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या निवासी संस्थेतील) असिस्टंटसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरवले. आमच्या कॅलिफोर्नियात ते १६० तासांचे आहे आणि त्यांतले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळचे असतात. प्रॅक्टिकल नर्सला, जिला येथे व्होकेशनल नर्स म्हणतात, १५३० तास पूर्ण करावे लागतात, त्यांत ५४ तास औषधशास्त्राचे असतात आणि शेवटी परवान्याची परीक्षा असते. पण केवळ तास मोजून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

असिस्टंट म्हणून माझे दुसरे वर्ष चालू होते. एक वृद्ध बाई रोज सकाळी माझ्या हातातला ओला टॉवेल ओढून घेत आणि स्वतःच तोंड पुसत. दुसऱ्या कोणी पुसलेले त्यांना खपत नसे. त्या दिवशी मी टॉवेल दिला, तेव्हा तो हातात धरून त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. ताप नव्हता, नाडी आणि रक्तदाब नेहमीसारखे होते. मी नर्सकडे जाऊन म्हणाले, “आज त्या नेहमीसारख्या वाटत नाहीत.” औषधे वाटता वाटता तिने विचारले, “म्हणजे नेमके काय?” मला सांगता येईना. “काही नाही, आकडे ठीक आहेत,” असे म्हणून मी परतले. संध्याकाळी त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात पसरला होता. त्या अकरा दिवसांनी परत आल्या, पण टॉवेल त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही.

पुढे नर्सिंगच्या वर्गात शिकले, की म्हातारपणी संसर्ग तापाशिवायही येतो आणि कधी कधी अचानक आलेला गोंधळ हेच त्याचे पहिले लक्षण असते; अशा वेळी बदल कधीपासून आहे, पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, हे विचारायचे असते. आदल्या रात्रीपासून त्यांनी जवळजवळ पाणीच घेतले नव्हते, आणि ते मला ठाऊक होते. ते सांगण्यासारखे आहे, एवढेच ठाऊक नव्हते.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी ठासून सांगत आले, की १६० तासांत पाहायला शिकवतात, पण पाहिलेले मांडायला शिकवत नाहीत. आता मला ते पूर्ण खरे वाटत नाही. बदल दिसला की नर्सला सांगायचे, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते आणि मी सांगितलेही होते. माझे शब्द मागे घ्यायला मात्र कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवले नव्हते, तो माझाच भित्रेपणा होता. तरीही सगळा दोष मी स्वतःकडे घेणार नाही, कारण समोरच्या नर्सने तर दीड हजार तासांचे शिक्षण घेतलेले होते.

अलीकडेच एका असिस्टंटने मला येऊन सांगितले, “ते आज वेगळे वाटतात,” आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते “म्हणजे नेमके काय?” हेच. ती गप्प झाली. मी औषधांची गाडी कुलूपबंद केली आणि तिच्याबरोबर खोलीत गेले. पण मला तिकडे माझ्या १५३० तासांनी नेले की त्या टॉवेलने, हे मला आजही सांगता येत नाही.